हात वर करून घेतलेलं माप

पायलच्या गाडीवरचं कव्हर आम्ही आठ महिन्यांनी काढलं, तेव्हा आत एक मांजर झोपलेलं होतं. ते आमच्याकडे असं बघत उठलं, जणू आम्हीच त्याचे भाडेकरू. पायल हसली. मीही हसलो. लता गेल्यापासून आम्ही दोघं पहिल्यांदाच हसलो, तेही पार्किंगमध्ये.

लता माझी बायको. मागच्या जूनमध्ये किडनीच्या आजारानं गेली. मी मल्हारी, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेला ब्रेक फिटर. एकतीस वर्षं मी दुसरं काही केलं नाही. पायल आमची एकुलती एक. ती केमिस्ट्री शिकली आणि पिंपळगाव बसवंतला एका पॅकहाऊसच्या लॅबमध्ये तिला नोकरी लागली. द्राक्षं परदेशी जायच्या आधी त्यांच्यावर औषधाचा अंश किती राहिला ते तपासायचं काम. सोमवारी सकाळी आठला हजर व्हायचं होतं.

जेल रोडवरच्या आमच्या घरापासून पिंपळगाव तीस-पस्तीस किलोमीटर. पायलनं ठरवून टाकलं होतं. गाडी चालू झाली तर रोज घरून जाणार. नाही झाली तर पिंपळगावात सगुणाबाई नावाच्या एका मावशींकडे खोली बघून ठेवली होती, तिथं राहणार. मावशींना रविवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

मला दोन्हीची भीती वाटत होती. ती गाडी घेऊन हायवेला जाणार याचीही, आणि ती घरातून जाणार याचीही. पण दोन्हींतलं एक निवडायचंच तर मी हायवे निवडला. ब्रेक निदान मला बघता येतात. रिकामं घर कसं बघायचं ते मला अजून जमत नाही.

गाडी म्हणजे स्पोर्ट्स बाइक. लाल, दोन सिलिंडरची, दोन हजार सोळाची, सेकंडहँड. पायलनं ती घ्यायची म्हटलं तेव्हा मी नको म्हणालो होतो. लता मशीनवर ब्लाउज शिवत होती. वर न बघता म्हणाली, "पंचावन्न माणसं बसतील अशा गाड्यांचे ब्रेक तुम्ही जोडता, आणि पोरीच्या एका गाडीला घाबरता?" विषय संपला.

मांजर गेल्यावर पायलनं पुढच्या ब्रेकचा लिव्हर दाबला. तो हळूहळू हँडलला जाऊन टेकला.

"पप्पा, हे काय?"

मी चष्मा लावला. अशा गाडीत हँडलवरच्या लिव्हरपासून खाली चाकाच्या डिस्कपर्यंत एक रबरी नळी जाते, तिच्यातून ब्रेक ऑइलचा दाब जातो. तिला ब्रेक लाइन म्हणतात. वरच्या टोकाजवळ, जिथं ती वळते, तिथं रबराला बारीक बारीक चिरा पडल्या होत्या. बोट लावलं तर ओलं लागलं.

"ही संपली," मी म्हणालो. "नवी टाकायची. टाकल्याशिवाय गाडी गेटबाहेर काढायची नाही."

"मी कुठं काढतेय? मी सायन्सची आहे."

शुक्रवारी गाडी ढकलत आम्ही बंटीच्या गॅरेजवर नेली. बंटी चाळीशीचा आहे, दोन मुलांचा बाप आहे, पोट सुटलंय, पण उपनगर भागात त्याला दुसऱ्या नावानं कुणी ओळखत नाही. 

"जयभीम काका," तो म्हणाला. "आज एसटी धक्का मारून आणली का?"

"गप. लाइन बघ."

त्यानं लाइन बघितली आणि मान हलवली. मग तो आणि पायल बोलायला लागले, आणि मला कळलं की हे साधं काम नाही. पायलला मूळची रबरी लाइन नकोच होती. तिला स्टीलची जाळी गुंडाळलेली पाहिजे होती. 

"रबरी लाइन दाबाखाली थोडी फुगते, पप्पा. तुम्ही लिव्हर दाबला की त्यातला थोडा जोर नळी फुगवण्यात जातो. स्टीलची जाळी असली की ती फुगत नाही. लिव्हर घट्ट लागतो."

"कंपनीनं काही विचार करूनच रबरी दिली असेल ना?"

"कंपनीनं स्वस्त पडते म्हणून दिली."

"एकतीस वर्षं मी बघितली नाही अशी नळी."

"मी काय पंचावन्न सीटा घेऊन चाललेय?"

बंटी खिदळला. "काका, पोरगी बरोबर बोलतीये. पण मूळची टाकली तरी गाडी थांबतेच की. रोज हजारो गाड्या थांबतात. नवी रबरी लाइन वाईट नसते. जुनी झाली की वाईट."

"ऐक," मी पायलला म्हणालो. "तुझाच माणूस सांगतोय."

"हा माझा माणूस नाही. हा ज्याचा चहा पितो त्याचा माणूस."

"मग दोघांनी पाजा," बंटी म्हणाला.

त्या दिवशी काही ठरलं नाही. पण मला झोपताना वाटलं, आपण ब्रेकवाले, आपल्याला कळतं. शनिवारी सकाळी पायल आंघोळीला गेली तशी मी गाडीची कागदपत्रं घेऊन निघालो, शालिमारच्या बाजूला स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो आणि चासी नंबर दाखवून मूळची लाइन घेतली. शिक्का बघितला, तारीख बघितली, दोन्ही टोकांचे डोळे बघितले. डोळा म्हणजे टोकाला असलेलं गोल कडं, त्यातून बोल्ट जातो. दुकानदार वैतागला. "काका, लग्नाला मुलगी बघताय का?" मी म्हणालो, "मुलीसाठीच बघतोय."

घरी येऊन पायलच्या हातात दिली. तिनं ती उलटसुलट करून बघितली. मग म्हणाली, "तुम्ही आणि मम्मी सेम आहात. विचारायचं नाटक करायचं आणि मग आपलंच करायचं." पण तिनं घेतली. चिडली नव्हती. वेळही नव्हता.

बंटीनं तासाभरात लाइन बसवली. ऑइल भरायच्या आधी आम्ही तिघं मागं सरून बघायला लागलो. नवी काळी लाइन, वरपासून खालपर्यंत छान बसलेली. पायलनं फोटो काढला. बंटीनं चहा सांगितला. माझा ऊर भरून आला होता, खरं सांगतो. मनात म्हटलं, झालं. पोरगी घरीच राहते.

चहा पिता पिता सवयीनं मी हँडलला हात लावला आणि उजवीकडे फिरवलं. ठीक. डावीकडे फिरवलं, तर अर्ध्यावरच लाइन ताणली गेली. पूर्ण फिरवलं तर ती दोरीसारखी ताठ झाली.

कप खाली ठेवला. "बंटी, पुढचं चाक उचल."

त्यानं जॅक लावून पुढची बाजू उचलली. चाक खाली लोंबलं, तशी लाइन आणखी ताणली. वरचा डोळा बोल्टपाशी वाकडा व्हायला लागला. खड्ड्यात गाडी उडाली की हेच होणार होतं, रोज, पस्तीस किलोमीटर जाताना आणि पस्तीस येताना. जुनी लाइन अशीच चिरली होती.

एसटीत भरती झाल्यावर मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं की पुढच्या चाकाचा होस, म्हणजे ब्रेकची नळी, बदलला की स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून बघायचं. मग सही करायची. आणि मी चहा प्यायला बसलो होतो.

"पण लाइन तर बरोबर याच गाडीची आहे," मी म्हणालो.

बंटीनं डोकं खाजवलं. मग एकदम कपाळावर हात मारला. "काका, हँडल! काकूंनी हँडल बदलायला लावलं होतं!"

तेव्हा मला आठवलं. या गाडीचं हँडल मूळचं खाली असतं. चालवणारा टाकीवर जवळजवळ झोपतो. दोन वर्षांपूर्वी पायलनं लताला पहिल्यांदा मागं बसवून त्र्यंबक रोडला फिरवून आणलं. लता त्यासाठी पंजाबी ड्रेस घालून गेली होती. परत आली ती गाल लाल झालेली. म्हणाली, "मजा लय येते. पण ही अशी वाकून बसते की बघून माझीच पाठ दुखायला लागली. हँडल उंच करून घे." दुसऱ्याच आठवड्यात बंटीनं उंच हँडल लावलं. लाइन मात्र कुणी बदलली नाही, ओढून-ताणून जुनीच ठेवली. मी आणलेली लाइन कंपनीच्या गाडीची होती. आणि ही गाडी आता कंपनीची राहिली नव्हती. लतानं ती पायलच्या मापाची करून घेतली होती.

"चूक माझीच," बंटी म्हणाला. "तेव्हा मीच म्हणालो होतो, पुरतंय."

 पायलनं फोन काढला. नंबर शोधून म्हणाली, "पप्पा, मी मावशींना खोलीचं हो सांगू का? आठवडाभर राहते, मग बघू."

मला माहीत आहे, आठवडाभर म्हणजे काय असतं. लताही आठवडाभरासाठीच दवाखान्यात गेली होती.

"उद्या संध्याकाळपर्यंत वेळ आहे ना?" मी म्हणालो. "मग उद्या संध्याकाळी सांग."

बंटी म्हणाला, "सातपूरला संतोष म्हणून आहे. तो लाइन मापानं बनवून देतो. स्टीलच्या जाळीची. प्रत्येक लाइन दाब देऊन तपासतो. त्याच्याकडे रबरी मिळणार नाही काका, आधीच सांगतो."

"उद्या रविवार."

"काका, एमआयडीसी! सातपूरला सुट्टी आज. उद्या चालू."

मी पायलकडे बघितलं. ती हसू दाबत होती. "बघा पप्पा. स्टीलचीच यायची होती."

"आधी माप घे. मग हस."

बंटीनं फोन लावला. संतोष पलीकडून म्हणाला, "एका डोळ्याच्या मध्यापासून दुसऱ्या डोळ्याच्या मध्यापर्यंत माप पाठवा. मिलीमीटरमध्ये. सकाळी दहाला या. माप चुकलं तर मी जबाबदार नाही, भाऊ. कापलेली लाइन वाढत नाही."

बंटीनं सुतळी घेतली, गाडी उभी, हँडल सरळ, आणि वरून खाली धरली. 

"थांब," मी म्हणालो. "असं नाही."

मी घरी गेलो. लताची मशीन अजून खिडकीतच आहे. खणातून तिची टेप काढली. पिवळी, मऊ पडलेली. परत येऊन बंटीला म्हटलं, "हिला आधी हात वर करायला लाव."

"कुणाला?"

"गाडीला."

पायल एकदम हसली. तिला कळलं. लता तीस वर्षं ब्लाउज शिवत होती, आणि तिच्याकडे आलेली एकही बाई हात वर केल्याशिवाय माप देऊन गेली नाही. बायका म्हणायच्या, दुसरीकडे असं करत नाहीत हो. लता म्हणायची, "दुसरीकडे उभ्या बाईचं माप घेतात. ब्लाउज घालून बाई काय नुसती उभी राहते? पोळ्या लाटते, माळ्यावरचे डबे काढते, बसमध्ये वरची दांडी धरते. तेव्हा ओढलं नाही पाहिजे." आणि कुणी पोट आत ओढलं तर टेपनंच टिचकी मारायची. "श्वास घ्यायचाय ना त्यात? मग सोडा पोट."

आम्ही गाडीला हात वर करायला लावले. म्हणजे पुढचं चाक उचलून लोंबतं ठेवलं आणि हँडल डावीकडे शेवटपर्यंत फिरवलं, जिथं लाइन सगळ्यात जास्त लागते. पायलनं टेपचं टोक वर धरलं, बंटी खाली डिस्कपाशी उकिडवा बसला, आणि मी लाइनच्या वाटेनं टेप लावत गेलो. फार ढिली नाही, फार ओढून नाही.

"बसलं. किती आलं?" 

बंटी वाचायला लागला. "साडे... एकोणचाळीस इंच."

मी फोनवर लिहायला लागलो. 

"पप्पा, थांबा!" पायल ओरडली. "मी टेप एकवर धरलीय. मम्मी एकपासून धरायची. पहिला इंच झिजलाय ना."

मी टेपचं टोक बघितलं. पत्रा कधीच निघून गेला होता, पहिला इंच कुरतडल्यासारखा झाला होता. तीस वर्षं ती बाई मनातल्या मनात एक वजा करत होती, आणि तिचं एक ब्लाउज चुकलं नाही. मला हे माहीतच नव्हतं. पायलला होतं.

"साडेअडतीस," मी म्हणालो.

"नऊशे अठ्ठ्याहत्तर मिलीमीटर," पायल म्हणाली. तिनं टेपवर एकदा आणि बंटीच्या सुतळीवर एकदा, पुन्हा दोनदा मोजलं. मग आम्ही गाडी खाली सोडली, हँडल सरळ केलं, आणि तेवढ्याच लांबीची सुतळी लावून बंटीला पुढं बसवलं. त्यानं सगळ्या वजनानिशी हिसके दिले, गाडी पुढं दबली. सुतळी बाजूला थोडी झोळ देऊन राहिली, पण चाकाला लागली नाही.

"काखेत चुण्या नाहीत," पायल म्हणाली.

"हे वाक्य मी कुठल्या गॅरेजमध्ये ऐकलं नव्हतं," बंटी म्हणाला.

रविवारी दहाला आम्ही रिक्षानं सातपूरला पोचलो. संतोषचा गाळा लहान, पण आत शिरलो आणि मला बरं वाटलं. प्रत्येक हत्यार जागेवर. त्यानं माझ्यासमोर नळी कापली, स्टीलची जाळी सरळ केली, दोन्ही टोकांना डोळे दाबून बसवले. मग विचारलं, "वरचं आवरण कुठल्या रंगाचं? काळं, लाल, निळं, पारदर्शक."

"निळं," मी आणि पायल एकदमच म्हणालो.

"विचारलं ते चुकलंच," संतोष म्हणाला. 

मग त्यानं लाइन त्याच्या यंत्राला जोडली आणि दाब दिला. घड्याळासारख्या मीटरचा काटा वर गेला आणि एका जागी थांबला. संतोष म्हणाला, "दोन मिनिटं बघा." मी काट्याकडे बघत उभा राहिलो. दोन मिनिटं तो केसभरही हलला नाही. मला आयुष्यात जे थोडं फार आवडतं, त्यात न हलणारा काटा फार वर आहे.

"मी आधीच अशी लाइन घ्यायला पाहिजे होती," मी म्हणालो.

"रेकॉर्ड करू का हे?" पायल म्हणाली. "परत एकदा बोला, पप्पा."

दुपारी बंटीकडे लाइन बसवली. डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे नवे वॉशर घातले, जुने टाकून दिले. हँडल डावीकडे, उजवीकडे. चाक वर, चाक खाली. कुठंही ताण नाही. मग ऑइल भरून लाइनमधली हवा काढायची. आमच्या एसटीत हवेवर चालणारे ब्रेक असतात, तिथं हे काम नसतं, पण डेपोच्या जीपची हवा मी कितीतरी वेळा काढली आहे. मी खाली बसलो, पायल लिव्हरपाशी.

"दाब. धर. सोडायचा नाही." मी खालचा स्क्रू थोडा उघडायचा, पारदर्शक नळीतून ऑइल आणि बुडबुडे यायचे, मी स्क्रू बंद करायचा. "आता सोड. परत दाब."

"बुडबुडा?"

"आहे अजून."

बंटी वरच्या डबीत ऑइल कमी पडू देत नव्हता. असं पंचवीस-तीस वेळा झालं. मध्येच पायल म्हणाली, "पप्पा, तुम्ही किती दिवसांनी एवढं बोलताय." मी म्हणालो, "दाब, धर, सोड. याला बोलणं म्हणतात का?" ती म्हणाली, "आपल्या घरात हल्ली म्हणतात."

शेवटी नळीतून नुसतं ऑइल आलं. मी उठलो आणि लिव्हर दाबला. निम्म्यावरच थांबला. दगडासारखा. मी पूर्ण जोर लावून धरला आणि बंटीनं बॅटरी मारून दोन्ही टोकं बघितली. कोरडी. यापेक्षा चांगला ब्रेक मी कधी हातात धरला नाही, हे मला मान्य करावं लागलं.

पायलनं गल्लीत चार चकरा मारल्या. आधी सावकाश, मग जरा वेगात. प्रत्येक वेळी बंटीच्या गॅरेजसमोर ब्रेक मारला आणि गाडी जिथल्या तिथं उभी राहिली. पाचव्या चकरीला ती माझ्यासमोर थांबली. दुसरं हेल्मेट पुढं केलं.

"बसा."

"मी?"

"पिंपळगावपर्यंत जाऊन येऊ. रस्ता तर बघायला पाहिजे ना तुम्हाला."

ते हेल्मेट लताचं होतं. तिनं त्याला आतून सुती कापडाचं अस्तर शिवलं होतं, काढून धुता येईल असं. मी घातलं. थोडं घट्ट होतं. बंटी म्हणाला, "काका, शोभताय." मी गाडीवर चढायला तीन प्रयत्न केले. दोन मी केले, तिसरा बंटीनं.

नांदूर नाक्यावरून आम्ही हायवेला लागलो. मी आधी डोळे मिटले होते. मग उघडले. पायल ताठ बसली होती, तिची पाठ वाकलेली नव्हती, आणि तिच्या खांद्यावरून मला पुढचं सगळं दिसत होतं. ओझर मागं गेलं. दोन्हीकडे द्राक्षांच्या बागा, क्रेट भरलेले टेम्पो, उन्हात चकाकणाऱ्या कोल्ड स्टोरेजच्या पत्र्यांच्या शेड. एका ठिकाणी कांद्याचा टेम्पो एकदम डावीकडून आत घुसला. माझा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधायला गेला. तिथं ब्रेक नव्हता. ब्रेक पायलच्या हातात होता. तिनं दाबला, गाडी सरळ रेषेत हळू झाली, टेम्पो पुढं गेला. एवढंच.

"ठीक आहे ना?" ती ओरडली.

"जाऊ दे पुढं!" मी ओरडलो. मला स्वतःच्या आवाजाची गंमत वाटली.

पॅकहाऊसचं गेट बघितलं. वॉचमननं विचारलं, कोण? पायल म्हणाली, उद्यापासून मी इथं कामाला. वॉचमननं गाडी बघितली, मला बघितलं, माझ्या डोक्यावरचं हेल्मेट बघितलं आणि म्हणाला, "दोघं येणार का?"

बाहेर उसाचा रस प्यायलो. तिथंच पायलनं फोन लावला. "सगुणामावशी, खोली नको. मी घरूनच येणार. हो, रोज. नाही नाही, ब्रेक चांगले आहेत. पप्पांनी स्वतः बसवलेत."

मी रसाचा ग्लास परत भरून घेतला.

परत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. वाऱ्यानं माझा शर्ट पाठीवर फुगून फुगून पार चुरगळला होता. घरात शिरताच पायल म्हणाली, "असं चालणार नाही. तुम्हाला जॅकेट घ्यावं लागेल. कोपरांना पॅड असलेलं."

"मला कशाला? मी काय रोज येणारेय?"

"दर रविवारी. मी ठरवलंय."

कालपासून माझ्याच खिशात राहिलेली टेप काढून ती माझ्यामागं येऊन उभी राहिली.

"हात वर करा, पप्पा."

मी केले. तिनं टेप एकवर धरली, माझ्या छातीभोवतून पुढं आणली, मग पोटाभोवती. आणि टेपनंच एक टिचकी मारली.

"श्वास घ्यायचाय ना त्यात? मग सोडा पोट."